थायरॉइडची फॅशन कुणाची?

‘थायरॉइड हा आता आजार राहिलेला नाही, ती फॅशन झाली आहे.’ आमच्या तालुक्याच्या गावी महिला मंडळाच्या व्याख्यानात एका ज्येष्ठ डॉक्टरांनी हे वाक्य टाकलं आणि सभागृह खळखळून हसलं. हसणाऱ्यांत अशा कितीतरी बायका होत्या, ज्यांच्या गोळ्यांच्या बाटल्या माझ्या दुकानातून जातात. मी केमिस्ट आहे, डॉक्टर नाही. रोगनिदानावर बोलण्याचा मला अधिकार नाही असं कुणी म्हटलं तर कबूल. पण निदान कसं राहून जातं आणि उपचार कुठे फिसकटतात, हे काउंटरच्या या बाजूने जितकं दिसतं तितकं डॉक्टरांच्या टेबलामागून दिसत नाही. डॉक्टरांचा मान ठेवूनच हा प्रतिवाद लिहिते आहे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. हल्ली पॅकेजमध्ये ढीगभर तपासण्या स्वस्तात होतात, त्यात थायरॉइड तपासणारा टीएसएच असतोच. तो जरा वर दिसला की बाई घाबरते, डॉक्टर गोळी लिहितात आणि ती गोळी जन्माची चिकटते. यातल्या बहुतेकींना गोळीची गरजच नसते. आणि ज्यांचा टीएसएच नॉर्मल आहे त्यांनी थकवा, वजन, केस गळणं यांचं खापर थायरॉइडवर फोडणं बंद करावं, चालायला जावं, घरकाम स्वतः करावं. घरकामाच्या वाक्यावर सर्वांत मोठा हशा आला. पहाटे पाचला उठून, डबे करून, धुणं वाळत टाकून आलेल्या बायका तो हशा देत होत्या, हे वेगळं सांगायला नको.

यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करते. पॅकेजच्या तपासण्यांचा सुळसुळाट झालाय. टीएसएच ५ किंवा ६, टी-फोर म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन थायरॉक्सिन नॉर्मल, तक्रार काहीच नाही, वय सत्तरीच्या पुढे, आणि तरी चिठ्ठीवर गोळी, असे रुग्ण माझ्याकडेही येतात. गरज नसताना ही गोळी वर्षानुवर्षं दिली, किंवा जास्त पॉवरची दिली, तर उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरांनी दाखला दिलेला ‘ट्रस्ट’ अभ्यासही खरा आहे. २०१७ साली तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. ६५ वर्षांवरच्या, टीएसएच थोडा वाढलेल्या ७३७ जणांपैकी काहींना थायरॉक्सिन आणि काहींना बिनऔषधाची गोळी दिली. वर्षभराने दोन्ही गटांच्या थकव्यात आणि तक्रारींत फरक पडलेला नव्हता. त्यानंतर २०१९ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने अशा सौम्य अवस्थेत गोळी देऊ नये, अशी ठाम शिफारस केली.

मात्र व्याख्यानात एवढंच सांगून पुढे जाणं हा निम्मा दाखला झाला. ‘ट्रस्ट’मधल्या लोकांचं सरासरी वय ७४ होतं. खरा, पक्का हायपोथायरॉइडिझम, म्हणजे ग्रंथी मंदावण्याचा आजार, असलेल्यांना त्यात घेतलेलंच नव्हतं. आणि त्या २०१९ च्या शिफारशीत स्पष्ट लिहिलंय की ती मूल होऊ देण्याचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांना, टीएसएच २० च्या वर असलेल्यांना, तीव्र लक्षणं असलेल्यांना आणि अगदी तरुण रुग्णांना लागू होईलच असं नाही. डॉक्टरांसमोर बसल्या होत्या पंचविशी ते पन्नाशीतल्या बायका. त्यांतल्या दोघी-तिघींची मूल होण्यासाठी औषधं चालू आहेत, हे मला दुकानामुळे ठाऊक आहे. पहिल्या तीन महिन्यांत पोटातल्या बाळाला थायरॉक्सिन आईकडूनच मिळतं. बाळाची स्वतःची ग्रंथी तेव्हा कामाला लागलेली नसते. दिवस राहिल्यावर आईची गोळी बंद करायची नसते, उलट बहुधा वाढवावी लागते. त्या सभागृहातून घरी जाऊन एखादीने ‘डॉक्टर म्हणाले फॅशन आहे’ म्हणून बाटली बाजूला ठेवली, तर जबाबदारी कुणाची?

‘दहातली एक बाई आजारी असते होय?’ असंही ते म्हणाले. हा दहात एकचा आकडा कुठून आला तेही सांगायला हवं होतं. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांमध्ये ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १०.९५ टक्के लोकांना हायपोथायरॉइडिझम आढळला. यात पुरुषही होते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, सापडलेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांना आपल्याला हा आजार आहे याचा पत्ताच नव्हता. अंगावर चढवलेली, पण जिची तिलाच माहीत नसलेली, अशी फॅशन मी तरी पाहिलेली नाही.

खरं तर या आजाराइतका जुना आणि नीट ओळखलेला हार्मोनचा आजार क्वचितच असेल. १८७३ मध्ये लंडनच्या विल्यम गल यांनी त्याचं वर्णन केलं तेच प्रौढ स्त्रियांचं म्हणून: सुजलेला चेहरा, जड झालेली जीभ, संथ हालचाली, मंदावलेला स्वभाव. तेव्हा उपाय नव्हता. माणसं हळूहळू थंड पडत मरत. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क एका रुग्ण बाईला टोचला. ती त्यानंतर २८ वर्षं जगली. आजची गोळी हे त्याच उपचाराचं शुद्ध केलेलं रूप. ती अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, रोजचा खर्च चहाच्या कपाहून कमी. निदान एका रक्ततपासणीत, उपचार रोज एक गोळी. इतकं सोपं असूनही बाईला तिथवर पोचायला वर्षं का लागतात, हा खरा व्याख्यानाचा विषय होता.

मला दिसतं ते सांगते. हा आजार एका दमात येत नाही. आधी बद्धकोष्ठ होतं, मग कातडी कोरडी पडते, पाळी जास्त जायला लागते, आवाज घोगरा होतो, हाताला मुंग्या येतात, सगळे पंख्याखाली बसलेले असताना हिला शाल लागते, मन कशात लागत नाही. एकेक तक्रार घेऊन बाई एकेका दारात जाते. एकीकडून बी-१२ ची इंजेक्शनं मिळतात, दुसरीकडून लोहाच्या गोळ्या, तिसरीकडून केसांसाठी बायोटिन, चौथीकडून पोट साफ होण्याचं चूर्ण, पाचवीकडून झोपेची गोळी. एवढ्या चिठ्ठ्या एकत्र बघणारं गावात कुणी असेल तर ते औषधाचं दुकान. डॉक्टर प्रत्येकजण आपापल्या तक्रारीपुरता असतो. आणि प्रत्येक दारात एक वाक्य फुकट मिळतं: ‘टेन्शन घेऊ नका.’

पाळी जास्त जाते म्हणून गर्भाशय काढण्याचा सल्ला किती सहज दिला जातो, हे महाराष्ट्राला बीडच्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांनी २०१९ मध्ये दाखवलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारला समिती नेमावी लागली. त्या शस्त्रक्रियांची कारणं मजुरीत आणि मुकादमीत होती, त्यांचं खापर मला थायरॉइडवर फोडायचं नाही. पण अतिरक्तस्रावाच्या कारणांत थायरॉइड येतो हे वैद्यकाच्या कोणत्याही पुस्तकात आहे, आणि ऑपरेशनच्या खर्चापुढे ही रक्ततपासणी काहीच नाही. ऑपरेशनच्या आधी ती लिहिलेली चिठ्ठी माझ्या काउंटरवर जितक्या वेळा यायला हवी तितक्या वेळा येत नाही. तपासण्यांचा अतिरेक झालाय म्हणता ना डॉक्टर? मग अतिरेक जिथे पैसे आहेत तिथे झालाय, आणि जिथे गरज आहे तिथे दुष्काळ आहे, असं म्हणा.

आता ‘टीएसएच नॉर्मल, म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही’ या वाक्याकडे येते. व्याख्यानातलं सर्वांत घातक वाक्य हेच.

टीएसएच थायरॉइड ग्रंथीतून येतच नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिच्युटरी ग्रंथीतून येतो. ऊसतोडीच्या भाषेत सांगायचं तर थायरॉइड हा मजूर आणि पिच्युटरी हा मुकादम. टीएसएच म्हणजे मुकादमाची आरडाओरड. मजूर थकला की मुकादम ओरडतो, आणि तोही बेताने नाही. टी-फोर निम्म्यावर आलं तर टीएसएच शंभर पटींपर्यंत चढू शकतो. म्हणून ही तपासणी इतकी उपयोगी आहे आणि बहुतेकींच्या बाबतीत तिच्यावर विसंबता येतं. पण मुकादमच आजारी पडला तर? मग मजूर झोपलेला असतो आणि शिवारात आवाज नसतो. कागदावर ती शांतता ‘नॉर्मल’ म्हणून छापून येते.

दूरच्या पहाडी भागातून आमच्याकडे एक बाई यायची. वय चाळिशीच्या आतलं, दिसायची पंचावन्नची. कातडी मेणासारखी पिवळट, भुवया विरळ, बोलणं इतकं सावकाश की मागच्या गिऱ्हाइकांची चुळबुळ सुरू व्हायची. प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्टांची चळत. तिच्यात थायरॉइडचा रिपोर्ट होता, पण एकट्या टीएसएचचा. सगळं पॅनेल महाग पडतं म्हणून कुणीतरी तेवढाच लिहिलेला. आकडा दोन आणि काही. त्याच्या जोरावर तिला प्रत्येक ठिकाणी ‘तुला काही नाही, जरा कामाला लाग’ असं सांगून परत पाठवलं होतं. नवरा तर काउंटरवरच म्हणाला, ‘सोंग करतीया.’

शेवटी ती एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात गेली. तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने रिपोर्ट बाजूला ठेवून तिला विचारलं, ‘शेवटच्या बाळंतपणात काय झालं होतं? दूध आलं होतं का?’ परत आल्यावर बाई मला सांगत होती, ‘ताई, बाळंतपण घरीच झालं. लई रगत गेलं, शुद्धच न्हवती. दूध काय आलंच न्हाई, शेळीचं पाजलं. पाळी तवापासनं बंद. पर ह्ये कुणी इचारलंच न्हाई.’ मग त्या मुलीने तिला स्टुलावर गुडघे टेकवून टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली. पाऊल झटक्यात हललं, पण जागेवर परत यायला त्याने वेळ लावला. टीएसएचची तपासणी नव्हती त्या काळातले डॉक्टर हा आजार अशाच खुणांवरून ओळखत. टी-फोर करून घेतलं, ते तळाला गेलेलं होतं.

या अवस्थेला शीहन सिंड्रोम म्हणतात. ग्लासगोमध्ये काम करणाऱ्या हॅरॉल्ड शीहन यांनी १९३७ मध्ये तिचं वर्णन केलं. बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झाला की पिच्युटरीचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती ग्रंथी मरते. मग थायरॉइडला हुकूम जात नाही, दूध येत नाही, पाळी येत नाही. इंग्लंडात हे आता दुर्मीळ आहे; आपल्याकडे नाही. काश्मीर खोऱ्यातल्या बाळंतपण झालेल्या स्त्रियांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण सुमारे ३ टक्के निघालं, आणि त्यांतल्या बहुतेकींची बाळंतपणं घरी झालेली होती. अशा बाईला नुसती थायरॉइडची गोळी देऊनही चालत नाही. आधी स्टेरॉइड द्यावं लागतं, नाहीतर जीव जाऊ शकतो. म्हणजे इथे डॉक्टर लागतोच, आणि तोही विचारणारा. त्या मुलीने केलेली सर्वांत मोलाची तपासणी कुठल्याही पॅकेजमध्ये मिळत नाही. ‘दूध आलं होतं का’ या प्रश्नाला पैसे पडत नाहीत, वेळ पडतो.

माझं सांगणं एवढंच आहे. गरज नसलेल्या म्हातारीला गोळी चिकटवणं आणि गरज असलेल्या तरुणीला परत पाठवणं, या दोन चुका डॉक्टरांना एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. तशा त्या नाहीत. दोन्हीकडे तोच प्रकार घडतो: माणसाकडे न बघता आकड्याकडे बघितलं जातं. आकडा ठळक अक्षरांत आला की गोळी, साध्या अक्षरांत आला की ‘घरी जा’. मग दोष एकट्या बाईच्या हौसेचा कसा?

गोळी सुरू झाल्यावरही हेच चालतं. पन्नासची गोळी चालू आहे, टीएसएच खाली येत नाही. चिठ्ठीवर पंच्याहत्तर होते, मग शंभर, मग सव्वाशे. ‘गोळी कधी घेता?’ हे कुणी विचारलेलं नसतं. मी विचारते. कुणी चहाबरोबर घेते. कुणी सासूच्या बीपीच्या गोळ्यांसोबत नाश्त्यानंतर. बाळंतीण असेल तर आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांबरोबर एकाच घोटात, कारण ‘सगळ्या एकदम उरकून टाकायच्या’. लोह आणि कॅल्शियम या गोळीला पोटातच धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. मध्ये चार तासांचं अंतर लागतं. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या आधी निदान अर्धा-पाऊण तास, एवढं पाळलं तर कितीतरी जणींचा आकडा आहे त्याच पॉवरमध्ये खाली येतो. उन्हाळ्यात बाटली चुलीजवळच्या फळीवर किंवा उन्हाच्या खिडकीत राहिली तर औषधाचा कस जातो, तेही बाटलीवर बारीक अक्षरांत असतं, सांगत कुणी नाही. आणि केसांसाठीचं बायोटिन चालू असताना रक्त दिलं तर काही यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी येतो. मग चालू गोळी उगाच कमी केली जाते. सव्वाशेच्या गोळीवर छातीत धडधड घेऊन येणारी बाई बघून तुम्ही म्हणता, बघा, गोळ्यांचा अतिरेक! तो अतिरेक तिने मागितलेला नव्हता, डॉक्टर.

डॉक्टर आणि बाई यांच्या मधल्या जागेत शिरतात ते वेगळेच. ‘थायरॉइड मुळापासून बरा’ करणारे शिबिरवाले, रात्रभर भिजवलेल्या धन्याचं पाणी पाजणारे, कोबी-फ्लॉवर घरातून हद्दपार करायला लावणारे. त्यांच्यावर डॉक्टरांनी सडकून टीका केली, ती रास्तच. धन्याच्या पाण्याने बंद पडलेली ग्रंथी चालू होत नाही, आणि त्या नादात गोळी सोडलेली बाई मी परत आलेली पाहिली आहे, चेहरा सुजून. पण ती तिकडे का गेली याचं कारण त्यांनी ‘अडाणीपणा’ असं दिलं. मी अशा एका शिबिराला उत्सुकतेपोटी जाऊन आले. तिथल्या माणसाने प्रत्येक बाईला वीस मिनिटं दिली. झोप विचारली, पाळी विचारली, घरात कोण कोण आहे ते विचारलं. औषध म्हणून त्याने जे दिलं ते भंपक होतं. पण जे विचारलं ते सगळं वैद्यकाच्या अभ्यासक्रमातलं होतं. तेवढ्यावर तो पुड्या विकून गेला.

वेळ कुठून आणायचा, असं डॉक्टर म्हणतील. ओपीडीत रांग आहे, हार्मोनचे डॉक्टर पुण्या-मुंबईत, इथे एमबीबीएस मिळणं मुश्कील. हे सगळं खरं आहे आणि त्यावर मी त्यांच्या बाजूने मोर्चालाही येईन. थायरॉइडच्या आजारांवर काम करणारं परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून उभं आहे. साठ वर्षांत ती जाण मुंबईहून तालुक्यापर्यंत यायला हरकत नव्हती. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थायरॉइड तपासायचं काम अजून देशभर सरसकट होत नाही. आयसीएमआरच्या पाहणीत साधारण अकराशे बाळांमागे एक बाळ हा आजार घेऊन जन्मलेलं आढळलं, आणि पहिल्या काही आठवड्यांत गोळी मिळाली नाही तर त्याची बुद्धी कायमची खुंटते. फॅशनची चेष्टा करायला मिळालेल्या तासाभरातली पाच मिनिटं या बाळांना देता आली असती. माईक त्यांच्याच हातात होता.

राहिला वजनाचा मुद्दा, ज्यावरही सभागृहाची बरीच करमणूक झाली. इथे डॉक्टर बरोबर आहेत. थायरॉइडने वाढणारं वजन बहुधा थोड्या किलोंचं असतं, त्यातही मीठ-पाण्याचा वाटा मोठा. वीस-पंचवीस किलो वाढले तर कारण दुसरं शोधावं लागतं, आणि गोळीचा डोस वाढवून ते उतरवायला जाणं हृदयाला धोक्याचं आहे. हे बाईला ऐकायला आवडत नाही, तरी ते सांगितलंच पाहिजे. पण दोनशे जणांपुढे माईकवरून नाही. तिच्या चिठ्ठ्यांची सगळी पिशवी टेबलावर रिकामी करून घ्या, गोळी कधी घेते ते विचारा, बाळंतपणाचं विचारा, मानेला हात लावून बघा, आणि मग तिला एकटीला सांगा की बाई, तुझ्या वजनाचं कारण थायरॉइड नाही. ती ऐकेल. माझ्याकडून तर रोज ऐकतात, आणि मी डॉक्टरही नाही.